नस बांधली म्हणजे खच्ची केले का?

“नस बांधली की माणसाचा बैल होतो,” असे गावात पुष्कळ जण म्हणतात. या भीतीने नवरा मागे राहतो आणि बायकोच ऑपरेशनला जाते. तिच्या ऑपरेशनात पोटाला छेद घ्यावा लागतो. पुरुषाचे काम त्याहून पुष्कळ सोपे असते. तेव्हा ही भीती खरी आहे का, ते पाहू.

गोऱ्हा खच्ची केला की काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्याचे वृषण, म्हणजे अंड, निकामी होतात. मग तो वळूसारखा माजत नाही. का बरे? वृषण दोन कामे करतात. एक, बीज तयार करणे. दुसरे, एक रस तयार करणे. या रसाला संप्रेरक म्हणतात. दाढीमिशा, भरडा आवाज, अंगातली रग, बाईची ओढ, हे सारे त्या रसामुळे येते.

खरी मेख पुढेच आहे. बीज नळीतून जाते. रसाला नळी लागत नाही. तो थेट रक्तात उतरतो.

हे कोंबड्यांनी शिकवले! १८४९ साली जर्मनीत गॉटिंगेन गावी बेर्टोल्ड नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. ते कोंबडे वाढले, पण तुरा वाढेना, आरवणे नाही, झुंज नाही. काहींच्या पोटात मात्र त्यांनी वृषण परत ठेवला. जागा वेगळी, जुनी नळी नाही, फक्त रक्त मिळाले. तरी त्या कोंबड्यांना लाल तुरे आले. ते आरवले, झुंजले.

वृषणावर हुकूम चालतो तो डोक्यातून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती रक्तातूनच सांगावा धाडते. पाटकरी पाणी कमीजास्त सोडतो, तसा रस कमीजास्त करवते. बायकांच्या पाळीवरही हुकूम तिचाच.

नसबंदीत डॉक्टर फक्त बीजाची नळी कापून बांधतात. वृषण जागच्या जागी राहतात. रस रक्तात जातच राहतो. बीज अंगातच जिरते. संबंधाच्या वेळी पाणी पूर्वीसारखेच येते, त्यात बीज नसते एवढेच. ‘नस’ हे नावच घोटाळ्याचे आहे. नळीबंदी म्हटले असते, तर निम्मी भीती गेली असती!

मात्र नळीत पुढे राहिलेले बीज लगेच संपत नाही. म्हणून सुमारे ३ महिने निरोध वापरावा. मग दवाखान्यात पाणी तपासून घ्यावे. बांधलेली नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच असे नाही. म्हणून नवराबायकोने आधी बसून ठरवावे आणि मगच जावे.