उद्दिष्टे आणि त्यांचे मोजमाप

सार्वजनिक कार्यक्रमाचे उद्दिष्ट ठरविताना कार्य आणि फल यांतील भेद पुष्कळदा नजरेआड होतो. जलवाहिनी घालणे हे कार्य होय. घरातील नळाला पाणी येणे हे फल. अहवालात मात्र पहिल्याचेच आकडे असतात, कारण ते मोजणे सोपे असते.

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीचे उदाहरण घेऊ. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. आज तेथे बाह्य वर्तुळमार्गालगत गृहसंकुलांची दाटी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या या पूर्वभागात विंधनविहिरी आटल्या आणि टँकरचे दर भडकले. अखेर जिल्हा प्रशासनाला ते बांधून द्यावे लागले : पाच किलोमीटरच्या आत सहा हजार लिटरला ६०० रुपये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. शहरात २००७ साली सामील झालेल्या ११० गावांना दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी पुरविणे हा त्याचा हेतू. यांपैकी अनेक गावे मारतहळ्ळीच्या आसपासच्या महादेवपुरा भागातील आहेत.

हा ७७.५ कोटींचा आकडा खोटा नव्हे. सुमारे शंभर किलोमीटरवरून पाणी उपसून आणणे ही लहानसहान गोष्टही नव्हे. परंतु तो आकडा शुद्धीकरण केंद्रापाशी मोजला जातो. वाटेतील गळती, नळजोडणी न घेतलेली घरे, आठवड्यातून किती दिवस व किती तास पाणी आले, यांचा त्यात पत्ता लागत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत इतक्या घरांना, दिवसाआड इतके तास’ असे उद्दिष्ट लिहिले असते, तर ते नागरिकालाही ताडून पाहता आले असते. त्याहून सोपी कसोटी संकुलाच्या हिशेबवहीत आहे : महिन्याला टँकर किती घ्यावे लागतात? योजनेपूर्वीची संख्या टिपलेली नसेल, तर नंतरची घट दाखविणार कशी? आणि पूर्वीची नोंद कार्यक्रम संपल्यावर मिळविता येत नाही.

मोजमाप घराच्या दारात करता येते, हे बंगळूरनेच दाखवून दिले आहे. सॅम्युएल पॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कुटुंबांना भेटून पाणी, वीज, नगरपालिका आदी सेवांबद्दल विचारणा केली आणि प्रत्येक संस्थेचे जणू प्रगतिपुस्तक छापले. शेरे बहुतेक वाईटच होते. पाहणी १९९९ व २००३ मध्ये पुन्हा झाली, तेव्हा सुधारणा दिसली. ती सुधारणा म्हणता आली, कारण तुलनेसाठी १९९३ चे उत्तर हाताशी होते.