सांगकाम्या लेखनिक : संगणकाला मजकूर सांगण्याची विद्या

लेखन म्हटले की हातात लेखणी घेतलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही पद्धतही लेखणीइतकीच जुनी असावी. नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतले, असे परंपरा मानते. दृष्टी गेल्यावर मिल्टनने आपले महाकाव्य दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. १८६६ साली प्रकाशकाच्या मुदतीच्या कचाट्यात सापडलेल्या दस्तयेव्हस्कीने ‘जुगारी’ ही कादंबरी ॲना या तरुण लघुलेखिकेला सांगून सव्वीस दिवसांत पुरी केली आणि पुढच्याच वर्षी तिच्याशी विवाह केला. पण या सर्वांत महाभारताच्या लेखनाची कथा आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. मध्येच थांबणार नसाल तरच लिहीन, अशी अट गणेशाने घातली. तेव्हा व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्यावाचून एकही अक्षर लिहावयाचे नाही.

आज आपल्या घरातील किंवा कचेरीतील संगणक हा लेखनिकाचे काम करू लागला आहे. गणेशाची अट तो घालीत नाही. आपण थांबलो तर तोही थांबतो. मात्र व्यासांची अट त्याला पाळता येत नाही. अर्थ न समजता लिहिणारा हा लेखनिक आहे, आणि त्याचे गुण व दोष दोन्ही बव्हंशी येथूनच निघतात. म्हणून तो नेमके काय करतो हे प्रथम पाहू.

आपण बोलतो तेव्हा हवेत दाबाच्या लहरी उठतात. ध्वनिग्राहक, म्हणजे आपला माईक, त्या लहरींचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि संगणक तो चढउतार सेकंदाला साधारणतः १६,००० वेळा मोजून आकड्यांत साठवितो. मग या आकड्यांचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे लहान लहान तुकडे पाडले जातात व प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीचे सूर किती जोराचे आहेत ते काढले जाते. ‘आ’ आणि ‘ई’ एकाच पट्टीत म्हटले तरी कानाला वेगळे का वाटतात, याचे उत्तर या सुरांच्या मिश्रणात आहे. येथवरचे काम हिशेबाचे आहे व ते बिनचूक होते. खरी अडचण पुढे आहे. बोलताना आपण दोन शब्दांत जागा सोडीत नाही. ‘नदीच्या काठी’ हे कानाला एकच सलग शब्द म्हणून ऐकू येते. शिवाय तोच शब्द तोच मनुष्य दोनदा अगदी सारखा कधीच उच्चारीत नाही.

या अडचणीशी झुंज घेण्यास आरंभ झाला तो अमेरिकेत. १९५२ साली बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. त्याला शून्य ते नऊ एवढे दहा आकडे ओळखता येत, तेही ठराविक माणसाने थांबून थांबून उच्चारले तर. दहा वर्षांनी, १९६२ च्या सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात, आय.बी.एम.ने सोळा शब्द ओळखणारे ‘शूबॉक्स’ यंत्र मांडले. १९७६ पर्यंत कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘हार्पी’ ही प्रणाली हजाराच्या थोड्या वर शब्दांपर्यंत पोहोचली. या विद्यापीठातील कामाचे अध्वर्यू राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातले. १९९४ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार विभागून मिळाला.

या इतिहासात कलाशाखेच्या विद्यार्थ्यास विशेष रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनचे ‘येव्गेनी ओनेगिन’ हे काव्य घेऊन त्यातील पहिली २०,००० अक्षरे हाताने मोजली. स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा येते, एवढाच त्याचा प्रश्न. काव्याची अशी खानेसुमारी करणारा मनुष्य रसिकांना विक्षिप्तच वाटेल. पण ‘एक गोष्ट घडली असता पुढची कोणती घडण्याचा संभव किती’ हे मांडण्याची जी रीत त्याने घालून दिली, तिच्याच वंशातील गणित साठ वर्षांनी वाणी ओळखण्याच्या कामी आले. जेम्स बेकर यांनी कार्नेगी मेलन येथे आणि फ्रेडरिक येलिनेक यांच्या गटाने आय.बी.एम.मध्ये १९७० नंतरच्या दशकात हा मार्ग धरला. व्याकरणाचे नियम यंत्राला शिकविण्याचा आग्रह त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी यंत्राला दोनच प्रश्न विचारावयाचे : ऐकलेला आवाज या शब्दाचा असण्याचा संभव किती? आणि मागील शब्द पाहता येथे हा शब्द येण्याचा संभव किती? दोहोंचा गुणाकार ज्याचा मोठा तो शब्द लिहावयाचा.

मराठीतले उदाहरण घेऊ. गडबडीत उच्चारलेले ‘वीज’ आणि ‘वीस’ यंत्राला जवळजवळ सारखेच ऐकू आले असे समजा. पहिल्या प्रश्नाने निवाडा होत नाही. पण वाक्य ‘काल पावसात शेतात … पडली’ असे असेल तर दुसरा प्रश्न ‘वीज’च्या बाजूने कौल देतो. यंत्राला वीज म्हणजे काय ते ठाऊक नाही. पाऊस आणि पडणे यांच्या सोबतीला तो शब्द पुष्कळदा येतो एवढेच ठाऊक आहे. अर्थावाचून अर्थाचे काम करण्याची ही युक्ती मोठी चतुर आहे, यात शंका नाही.

जेम्स बेकर व त्यांच्या पत्नी जॅनेट बेकर यांनी १९८२ मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. १९९० मध्ये त्यांचे घरगुती संगणकावर चालणारे ‘ड्रॅगनडिक्टेट’ बाजारात आले, सुमारे ९,००० डॉलर किमतीला. त्यातही प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. नेहमीच्या ओघात बोललेले लिहून घेणारे ‘नॅचरलीस्पीकिंग’ १९९७ साली आले. तेव्हा आरंभी ठराविक उतारे मोठ्याने वाचून यंत्राला आपल्या आवाजाची ओळख करून द्यावी लागत असे. २०१० नंतरच्या दशकात मज्जातंतूंच्या जाळ्यावरून सुचलेल्या गणिती जाळ्यांनी जुन्या रीती मागे टाकल्या व ही वेगळी ओळख करून देण्याची गरजही बहुतेक संपली. २०२२ साली प्रसिद्ध झालेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकविलेली आहे. दिवसरात्र न थांबता ऐकले तरी एवढे ऐकावयास माणसाला ७७ वर्षे लागतील.

आता मराठीकडे वळू. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने आपल्या वाणीलेखनात मराठीसह आठ भारतीय भाषांची भर घातली आणि मराठी माणसाला ही सोय सहज हाताशी आली. मराठी ही उच्चाराप्रमाणे लिहिली जाणारी भाषा, तेव्हा इंग्रजीपेक्षा ती यंत्राला सोपी जावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही, आणि याची कारणे आपल्या शुद्धलेखनात व व्याकरणात आहेत.

पहिले कारण ऱ्हस्व-दीर्घाचे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ या जोड्या आपण लिहिताना वेगळ्या ठेवतो. बोलण्यात मात्र त्यांतील भेद फारसा उरत नाही. तो यंत्राने संदर्भावरून ताडावयाचा. दुसरे कारण विभक्तिप्रत्ययांचे. इंग्रजीत घराला दोनच रूपे, एकवचन व अनेकवचन. मराठीत घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा अशी रांग लागते व प्रत्येक रूप हा यंत्राच्या दृष्टीने नवा शब्द. अलीकडे शब्दांचे लहान तुकडे करून ते जोडण्याची रीत आल्याने हे संकट पुष्कळ सौम्य झाले आहे. ‘चंद्र’ मधला च आणि ‘चाक’ मधला च यांचे उच्चार भिन्न असून अक्षर एकच, याचा मात्र यंत्राला फारसा त्रास होत नाही. परभाषकाला तो अधिक होतो.

तिसरे कारण बोली आणि लेखी रूपांतील अंतराचे. आपण बोलतो ‘असं केलं’, आणि निबंधात लिहितो ‘असे केले’. यंत्र बोललेलेच लिहिणार. म्हणून औपचारिक मजकूर सांगावयाचा असेल तर तोंडानेही ‘असे केले’ म्हणण्याची सवय करावी लागते, आणि ती आरंभी फार कृत्रिम वाटते. याउलट ग्रामीण कथा लिहिणाऱ्याची पंचाईत होते. पात्राच्या तोंडी ‘व्हतं’ किंवा ‘पानी’ घालावे, तर यंत्र आपणहून ‘होतं’ आणि ‘पाणी’ करण्याकडे झुकते. कारण त्याने वाचलेल्या मजकुरात प्रमाण रूपेच अधिक. अशा संवादांसाठी हातानेच लिहिणे बरे.

प्रत्यक्ष वापराविषयी थोडे सांगावयास हवे. खोली शांत असावी. पंखा माईकच्या रोखाने नसावा. संगणकाच्या अंगच्या माईकपेक्षा कानावर बसणाऱ्या संचाचा माईक तोंडापासून दोनतीन बोटांवर, किंचित बाजूस ठेवल्यास प, फ, भ या वर्णांचा फूत्कार त्यावर आदळत नाही. गुगल डॉक्समध्ये ‘टूल्स’ या यादीत ‘व्हॉइस टायपिंग’ आहे. तेथे भाषा मराठी निवडावी. शब्द तोडून तोडून उच्चारू नयेत. वर पाहिल्याप्रमाणे यंत्र मागचापुढचा शब्द धरून ताडते, म्हणून पूर्ण वाक्य मनात जुळवून ते एका दमात, नेहमीच्या गतीने सांगावे. चूक दिसली की तेथेच थांबून दुरुस्ती करण्याचा मोह होतो, तो टाळावा. विचाराचा धागा तुटतो. परिच्छेद संपल्यावर एकदम तपासावे. इंग्रजीत ‘कॉमा’ म्हटले की स्वल्पविराम पडतो. मराठीत ही सोय सर्वत्र नाही, म्हणून विरामचिन्हे बहुधा हातानेच घालावी लागतात.

वेळ खरोखर वाचतो का, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. समजा ६०० शब्दांचे उत्तर आहे. मिनिटाला १२० शब्द या गतीने ते पाच मिनिटांत सांगून होईल. शंभरात पाच शब्द चुकले तर तीस चुका. एका चुकीस दहा सेकंद धरले तर आणखी पाच मिनिटे. एकूण दहा. शंभरात वीस चुकले तर दुरुस्तीलाच वीस मिनिटे लागतील आणि एकूण पंचवीस होतील. मिनिटाला तीस शब्द टंकणारा मनुष्य तेच काम वीस मिनिटांत संपवील. तेव्हा जाहिरातीतील वेगापेक्षा आपल्या आवाजाला पडणाऱ्या चुकांचे प्रमाण पाहणे शहाणपणाचे.

एक सावधगिरी विशेष. माणूस लेखनिक ऐकू आले नाही तर विचारतो. यंत्र विचारीत नाही. ते काहीतरी शोभेलसे लिहून मोकळे होते. व्हिस्परच्या बाबतीत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांच्या उताऱ्यांत कोणीही न बोललेली वाक्ये आढळली, आणि बोलण्यात लांब विराम घेणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडले. वाक्य सुबक असते, म्हणून नजर त्यावरून घसरून जाते. नावे, आकडे आणि ‘नाही’ हा शब्द एवढे तरी मूळ बोलण्याशी ताडून पाहावे. तसेच, यांतील पुष्कळ सोयी आपला आवाज दूरच्या संगणकाकडे पाठवून तेथे त्याचे लेखन करतात. कचेरीतील गोपनीय पत्र किंवा रुग्णाची माहिती सांगण्यापूर्वी याची चौकशी करावी.

शैलीवर याचा काय परिणाम होईल? हेन्री जेम्स मनगटाच्या दुखण्यामुळे १८९७ पासून टंकलेखनिकाला सांगून लिहू लागला. त्याच्या उत्तरकालीन वाक्यांचा लांबलचक, वळणावळणाचा विस्तार या सवयीतून आला असे पुष्कळ समीक्षक मानतात. रेमिंग्टन यंत्राच्या खडखडाटाची त्याला इतकी सवय झाली होती, की दुसऱ्या यंत्रावर त्याला सुचेनासे होई. आपला नवा लेखनिक तर अगदीच मुका. मला वाटते, मराठीत याचा एक फायदा संभवतो : जे वाक्य तोंडाने धड म्हणता येत नाही ते सांगताही येत नाही, आणि आपल्या शासकीय मराठीत अशा वाक्यांची उणीव नाही.

परंतु ही सोय म्हणजे काहींना केवळ सोय नाही. ज्यांचे हात चालत नाहीत किंवा ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी आपले लेखन दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून न राहणे याचे मोल वेगळे आहे. परीक्षेच्या वेळी लेखनिक मिळविताना अंध विद्यार्थ्यांची किती धावपळ होते हे महाविद्यालयात आपण पाहतोच. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा परीक्षार्थींना लेखनिकाबरोबर संगणकाचाही पर्याय दिलेला आहे. मात्र यंत्र सर्वांचे सारखे ऐकत नाही. २०२० साली अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरात सरासरी १९ शब्द चुकले, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. वरचा हिशेब पुन्हा मांडला म्हणजे या दोन आकड्यांतील अंतर कोणाच्या वेळेतून वजा होते ते दिसेल. ज्यांचे बोलणे यंत्राने कमी ऐकले, त्यांच्याच वाट्याला दुरुस्ती अधिक येते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी वळणाने बोलणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका उघड आहे.

यावर उपाय म्हणजे निरनिराळ्या वळणांचे आवाज यंत्राला ऐकविणे. मोझिला या संस्थेने २०१७ पासून ‘कॉमन व्हॉइस’ हा खुला संग्रह चालविला आहे. त्यात मराठीचाही समावेश असून, कोणीही पडद्यावरील वाक्ये आपल्या आवाजात वाचून देऊ शकतो आणि दुसऱ्यांनी वाचलेली वाक्ये ऐकून ती बरोबर आहेत की नाहीत ते नोंदवू शकतो. यासाठी शुल्क पडत नाही. साधा माईक असलेला संगणक किंवा भ्रमणध्वनी पुरतो.