लस कोणती व केव्हा?

वाफसा साधून पेरणी केली तर उगवण चांगली होते. वाफसा हुकला की उत्तम बियाणेही वाया जाते. लसीकरणाचेही तसेच आहे. प्रत्येक लसीची वेळ ठरलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र व गावातील लसीकरण सत्र येथे पुढील लसी मोफत दिल्या जातात.

गरोदरपण : धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात. आईने लस घेतल्यास नवजात बालकाचेही रक्षण होते. गरोदरपण कळताच धनुर्वात-घटसर्प लसीची पहिली मात्रा व चार आठवड्यांनी दुसरी घ्यावी.

जन्मतः : क्षयाविरुद्ध बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ-ब ची लस.

दीड, अडीच व साडेतीन महिने : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब व हिब या पाच रोगांवरील एकत्रित लस, शिवाय पोलिओ व रोटा यांचे थेंब. पहिल्या व तिसऱ्या वेळी पोलिओचे इंजेक्शन व न्युमोनियाची लसही देतात.

९ महिने : गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, पोलिओचे तिसरे इंजेक्शन व न्युमोनियाची वर्धक मात्रा.

१६ ते २४ महिने : गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा, घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची वर्धक मात्रा, पोलिओचे थेंब.

५ ते ६ वर्षे : त्याच त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा.

१० व १६ वर्षे : धनुर्वात-घटसर्प लस.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या मात्रा बहुधा चुकतात. घर सोडण्यापूर्वी आशा कार्यकर्तीला भेटावे व लसीकरण कार्ड बरोबर न्यावे. कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रातही लस मिळते. एखादी मात्रा चुकली म्हणून मागील मात्रा वाया जात नाहीत. राहिलेली मात्रा लवकरात लवकर घ्यावी. साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नव्हे. लसीनंतर एक-दोन दिवस अंग तापल्यास घाबरू नये. ताप फार वाढल्यास किंवा उतरत नसल्यास आरोग्य केंद्रात दाखवावे.

चिकाटीचे फळ देशाने पाहिले आहे. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. गावातील एकही बालक लसीवाचून राहू न देणे हे ग्रामसेवक व पालक या दोघांचेही कर्तव्य होय.