कृषी सल्ला सेवेत मोबाईल क्रमांकाची पडताळणी

सोयाबीनचे बियाणे टपोरे दिसले तरी उगवणशक्ती पाहिल्यावाचून ते पेरू नये, हे शेतकरी बंधूंना नव्याने सांगावयास नको. ओल्या गोणपाटात ठेवलेल्या १०० दाण्यांपैकी निदान ७० उगवले, म्हणजे ते बियाणे पेरणीस योग्य समजतात. नोंदवहीतील मोबाईल क्रमांकाचेही असेच आहे. आकडे लिहिलेले आहेत एवढ्यावरून सल्ला योग्य माणसास पोचतो असे सिद्ध होत नाही. एक आकडा चुकला तर अतिवृष्टीचा इशारा परक्याच्या हाती पडतो आणि कापून पसरलेले पीक शेतातच भिजते. म्हणून सल्ला सेवा सुरू करतानाच पडताळणीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावून घ्यावी.

१. नोंद – आपल्या देशात मोबाईल क्रमांक १० आकडी असतो व त्याचा पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो. यात न बसणारा क्रमांक यंत्राने तेथेच नाकारावा. आरंभीचे शून्य वा ९१ गाळून सर्व क्रमांक एकाच रीतीने साठवावेत. एका घरात एकच फोन असणे सामान्य आहे. यास्तव एक क्रमांक दोन खातेदारांना चालेल अशी सोय ठेवावी व तो कोणाचा हेही लिहावे.

२. ओटीपी – नोंद होताच त्या क्रमांकावर ६ आकडी ओटीपी जावा. तो एकदाच वापरता यावा व त्याची मुदत १० मिनिटे ठेवावी. लागोपाठ ५ वेळा चुकल्यास काही काळ प्रयत्न थांबवावेत. डोंगराळ भागात संदेश उशिरा पोचतात. तेव्हा दुसरा ओटीपी मागविल्यास पहिला रद्द होतो, ही सूचना पडद्यावर स्पष्ट दिसावी.

३. मजकूर – २०१८ च्या दूरसंचार नियमांनुसार पाठविणाऱ्याची खूण व संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो. नमुन्यातील शब्द पुढे बदलल्यास संदेश अडविला जातो. देवनागरी संदेशाच्या एका भागात ७० चिन्हे मावतात आणि त्यांत काना, मात्रा व वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. याकरिता मजकूर आटोपशीर असावा, परंतु ओटीपी कशासाठी आहे हे त्यात अवश्य लिहावे. त्याचे आकडे फोनच्या कळांवर असतात तसेच, म्हणजे इंग्रजी वळणाचे, ठेवावेत.

४. बोलता ओटीपी – काही जुन्या फोनवर देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, तर काही शेतकऱ्यांना वाचता येत नाही. अशांसाठी फोन येऊन मराठीत ओटीपी सांगितला जाईल अशी सोय करावी. सेवा खुली करण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांवर व बटणांच्या फोनवर ती तपासून पाहावी.

५. फेरपडताळणी – फार दिवस न वापरलेला क्रमांक बंद होतो व काही काळानंतर तोच दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. म्हणून दरवर्षी खरिपापूर्वी पडताळणी पुन्हा करावी. ती न झालेली नोंद पुसून टाकू नये. तिच्यापुढे 'पडताळणी बाकी' अशी खूण करून प्रत्यक्ष भेटीत ती पुरी करावी. पुसलेला शेतकरी पुढील याद्यांतूनही सुटण्याचा संभव असतो.

शेवटी एक गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. 'ओटीपी कोणास सांगू नये' असा उपदेश करावयाचा आणि नोंदणीच्या वेळी 'नंबर काय आला, सांगा' असे विचारावयाचे, हे परस्परविरुद्ध आहे. कचेरीतील माणसास ओटीपी सांगण्याची सवय लागलेला शेतकरी उद्या फोनवर बँकेचे नाव घेणाऱ्या ठगासही तो सांगेल आणि खात्यावरील पैसे गमावून बसेल. यासाठी नोंदणीचे यंत्र शेतकऱ्याच्या हाती देऊन आकडे त्यासच दाबू द्यावेत. त्यास जमत नसेल तर त्याच्या घरातील विश्वासू माणसाने ते दाबावेत. गावातील फोन गोळा करून ओटीपी कागदावर उतरवून घेण्याची पद्धत कामास सोपी वाटली, तरी ती सर्वथा टाळावी. नोंदणीस एक दिवस अधिक लागला तरी चालेल.