आपलं गाव इंग्रजीत कसं सांगायचं?



आपली एक विद्यार्थिनी बारावीनंतर प्रवेशाच्या मुलाखतीला पुण्याला गेली होती. पहिलाच प्रश्न आला, 'टेल अस अबाउट युवर टाउन.' तिनं पाठ केलेला 'माय व्हिलेज' निबंध सुरू केला. हिरवे डोंगर, झुळझुळ ओढा, कौलारू घरं. समोरच्या मॅडमनी मध्येच विचारलं, 'तुझ्या गावाच्या नावात स्टेशन कसं काय?' मुलगी गप्प झाली.

खरं तर तिचे वडील कांद्याच्या मार्केटात हमाली करतात. घर रेल्वे फाटकाजवळ. सांगण्यासारखं तिच्याजवळ भरपूर होतं, पण तोंडात शब्द दुसऱ्याच गावाचे होते. म्हणून आज आपण गावाचं आणि शहराचं वर्णन करणारे इंग्रजी शब्द आपल्या लासूर स्टेशनवरूनच शिकणार आहोत.

1) व्हिलेज, टाउन की सिटी?

मराठीत आपण कोणालाही विचारतो, 'तुमचं गाव कोणतं?' समोरचा म्हणतो, 'नाशिक.' मराठीत हे अगदी बरोबर आहे. पण इंग्रजीत 'माय व्हिलेज इज नाशिक' म्हटलं की चूक. अशा वेळी 'आय अ‍ॅम फ्रॉम नाशिक' एवढंच म्हणावं.

दुसरी अडचण 'शहर' या शब्दाची. वैजापूरही शहर आणि मुंबईही शहर! हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. गंमत म्हणजे इराणमधली फारसी बोलणारी मुलं इंग्रजी शिकताना इथेच अडतात, कारण त्यांच्याकडेही 'टाउन' आणि 'सिटी' दोन्हींना 'शहर'च म्हणतात. म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नाही.

पण आपल्या जुन्या कागदपत्रांत हा फरक होता. साध्या खेड्याच्या नावाआधी 'मौजे' लिहीत आणि बाजारपेठेच्या मोठ्या गावाआधी 'कसबे'. खरेदीखतात 'मौजे' आजही दिसतं. तेव्हा असं लक्षात ठेवा:

- वाडी, वस्ती, तांडा – हॅम्लेट
- मौजे, खेडं – व्हिलेज
- कसबा, बाजाराचं गाव – टाउन किंवा मार्केट टाउन
- मोठं शहर – सिटी
- शहराला लागून असलेली वसाहत – सबर्ब
- गावाच्या कडेचा भाग – आउटस्कर्ट्स

भारताच्या जनगणनेतही याचं माप आहे. जिथे नगरपालिका किंवा नगरपंचायत नाही, अशी वस्ती 'सेन्सस टाउन' ठरायला तीन अटी लागतात: लोकसंख्या किमान 5000, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. एक लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तर 'सिटी'. ब्रिटनमध्ये मात्र 'सिटी' हा दर्जा राजा किंवा राणी देते. वेल्समधलं सेंट डेव्हिड्स दोन हजार लोकवस्तीचंही नाही, तरी ते 'सिटी' आहे!

2) नावातलं 'स्टेशन' समजावून सांगा

'आय लिव्ह इन लासूर स्टेशन' असं नुसतं म्हटलं, तर परक्या माणसाला वाटेल, हा प्लॅटफॉर्मवर राहतो की काय! म्हणून पुढे एक वाक्य जोडायचंच.

मूळ लासूर गाव शिवना नदीकाठी, दाक्षायणी देवीच्या मंदिराचं. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. स्टेशनाभोवती दुकानं, आडती, घरं वाढत गेली आणि स्टेशनाचंच गाव झालं. हे इंग्रजीत असं सांगा:

'लासूर स्टेशन इज अ मार्केट टाउन. इट ग्रू अप अराउंड अ रेल्वे स्टेशन.'

'ग्रू अप' मुलांसाठी वापरतात तसं गावासाठीही वापरतात. गाव वाढलं, वसलं, असा अर्थ.

आणखी एक. आपल्याकडे परगावी गेलेल्या माणसाला 'आउट ऑफ स्टेशन' म्हणतात. हे भारतातलं इंग्रजी आहे. बाहेरच्या लोकांशी बोलताना 'आउट ऑफ टाउन' म्हणा.

3) कुठे आहे?

इथे छोटे शब्द चुकतात. नीट पाहा.

- जिल्ह्यात, तालुक्यात – 'इन': 'इन गंगापूर तालुका'
- रेल्वेमार्गावर, नदीकाठी – 'ऑन': 'ऑन द मनमाड–सिकंदराबाद लाइन'
- दोघांच्या मध्ये – 'बिट्वीन': 'बिट्वीन मनमाड अँड छत्रपती संभाजीनगर'
- दिशा – 'वेस्ट ऑफ': 'वेस्ट ऑफ छत्रपती संभाजीनगर'

4) रोजच्या जागा

- रेल्वे फाटक – लेव्हल क्रॉसिंग ('रेल्वे गेट' आपल्यापुरतं ठीक)
- मोंढा – ग्रेन मार्केट
- कांद्याचा लिलाव – अनियन ऑक्शन
- आठवडी बाजार – वीकली मार्केट
- गल्ली – लेन
- फाटा – टर्निंग किंवा जंक्शन

'बाजार' हा शब्दही फारसी. तो आपल्याकडे आला तसा इंग्रजीतही गेला, म्हणून 'बझार' म्हटलं तरी इंग्रज माणसाला कळतं. दौलताबाद, हैदराबाद यांतलं 'आबाद'ही फारसीच, म्हणजे वसलेलं, नांदतं. त्याच्या जवळ जाणारं इंग्रजी विशेषण 'थ्रायव्हिंग'.

5) कसं आहे?

'ब्यूटिफुल' आणि 'नाइस' यांच्यावर सगळा निबंध चालवू नका. नेमका शब्द शोधा.

- क्राउडेड – गर्दीनं त्रास होतो तेव्हा
- बसलिंग – गर्दी आहे पण जिवंतपणा वाटतो तेव्हा
- बिझी – कामाची धावपळ
- डस्टी – धुळीचं
- नॉइझी – गोंगाटाचं
- क्वाएट – शांत

'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' यांतही फरक आहे. इतिहासात महत्त्व असलेली जागा 'हिस्टॉरिक'. दौलताबाद हा 'हिस्टॉरिक फोर्ट'. इतिहासाशी संबंधित कादंबरी किंवा कागद 'हिस्टॉरिकल'.

दर परीक्षेत दिसणारी चूक म्हणजे 'फेमस ऑफ'. बरोबर शब्दप्रयोग 'फेमस फॉर'. पण आपलं मार्केट जगप्रसिद्ध आहे असंही लिहू नका. 'इट इज नोन फॉर इट्स अनियन मार्केट' म्हणा. खरं आहे आणि शोभतंही.

6) आता सगळं जोडू या

'आय अ‍ॅम फ्रॉम लासूर स्टेशन, अ मार्केट टाउन वेस्ट ऑफ छत्रपती संभाजीनगर. इट ग्रू अप अराउंड अ रेल्वे स्टेशन. इट इज नोन फॉर इट्स अनियन मार्केट. इन द सीझन द रोड्स आर डस्टी अँड नॉइझी, बट द टाउन इज बसलिंग. माय फादर वर्क्स इन द मार्केट. वुई लिव्ह निअर द लेव्हल क्रॉसिंग.'

सहा साधी वाक्यं. एकही अवघड शब्द नाही. पण ऐकणाऱ्याला गाव दिसतं, आणि पुढचा प्रश्न आला तर उत्तर तुमच्याजवळ असतं, कारण ते तुम्ही पाठ केलेलं नसतं, रोज बघितलेलं असतं. धूळ आणि हमाली सांगायला लाजू नका. त्या मुलीनं सुट्टीत येऊन हीच वाक्यं वहीत लिहून घेतली आणि म्हणाली, 'सर, हे तर मला येत होतं!'

स्वाध्याय

1. तुमची वस्ती हॅम्लेट, व्हिलेज की टाउन? कारण एका वाक्यात लिहा.
2. शाळेत येताना दिसणाऱ्या पाच जागांची इंग्रजी नावं लिहा.
3. 'ब्यूटिफुल' शब्द न वापरता आपल्या गावावर सात वाक्यं लिहा आणि घरच्यांना मराठीत अर्थ सांगा. त्यांनी 'हो, असंच आहे' म्हटलं, तर निबंध जमला.