शाळेचा कारभारी

बैल चांगले, बी चांगले. पण कारभारी नसेल तर शेत पिकत नाही. शाळेचेही तसेच आहे. शाळेचा कारभारी म्हणजे हेडमास्तर.

आपले नायगाव नांदेड जिल्ह्यात. १९४८ पर्यंत इकडे निजामाचे राज्य होते. शाळा थोड्या, अन् वरचे शिक्षण उर्दूतून. अशा काळात, १९२१ साली, धाराशिवकडच्या हिप्परग्याला लोकांनी स्वतःची शाळा काढली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. या शाळांतली माणसे पुढे मुक्तिसंग्रामात उतरली. नांदेडच्या विद्यापीठाला आज स्वामीजींचेच नाव आहे.

हेडमास्तरचा सगळा दिवस हजेरीत, हिशेबात अन् कागदांत गेला, तर वर्ग कोण पाहणार? चांगला हेडमास्तर वर्गात मागे बसतो. गुरुजींचे शिकवणे ऐकतो. मग एकीकडे घेऊन सांगतो, "हे बरे झाले, हे असे करून बघा." चारचौघांत पाणउतारा करत नाही. हे काम नुसत्या बढतीने येत नाही. ते शिकावे लागते.

आपणही हातभार लावू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात चारांत तिघे पालक असतात, निम्म्या बाया असतात. आजवर आम्ही कागदावर अंगठा उठवून घरी येत होतो. आता आपल्याला वाचता येते. आधी वाचू, मग सही करू. अन् नम्रपणे विचारू :

"गुरुजी, या महिन्यात आपण किती वर्ग पाहिले? कोणत्या लेकराला अजून वाचता येत नाही?"