पीण्यातील वाळवी

प्रश्न : बंगळुरातील पीण्या औद्योगिक क्षेत्रालगतच्या आमच्या घरात पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर मातीच्या रेघा चढतात, रॉकेलाने पुसल्या तरी पुन्हा उमटतात. उपाय सुचवावा.

उत्तर : रॉकेलाने कामकरी वाळवी तेवढी मरते, राणी जमिनीखाली सुखरूप असते. कारखान्यांतून स्वस्तात मिळणारी पॅकिंगची खोकी आपण भिंतीलगत रचली असल्यास प्रथम ती हलवावीत. तदनंतर, बंगळुरास ऑक्टोबरातही पाऊस झोडपीत असल्याने उघडीप साधून, जाणकार इसमाकरवी भिंत व फरशी यांच्या सांध्यात सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडवून, भारतीय मानक ६३१३ अन्वये त्यांत वाळवीनाशक द्रावण भरवून ती बुजवून घ्यावीत. नजीक विहीर वा बोअरवेल असल्यास तसे त्या इसमास आगाऊ सांगावे.